चारला चार कमी

वाकडमधला टू बीएचके. अकरावा मजला, मॉड्युलर किचन, बाल्कनीतून दिसणारे हायवेचे दिवे. माझ्या ऑफिसातल्या एका मित्राने ईएमआयच्या जिवावर घेतलेलं ड्रीम होम. २०२२च्या डिसेंबरात त्याला मुलगी झाली, म्हणून गावाकडून त्याची आई मदतीला आली. डिंकाचे लाडू आले, शेपा-बाळंतशोपा आल्या, टोपडी आली. सगळं छान चाललं होतं. फक्त एक गोष्ट सोडून.

काकू बेडरूममध्ये झोपायच्या नाहीत. हॉलमध्येही नाही. मेन डोअरजवळच्या पॅसेजमध्ये चटई टाकायच्या. उशाशी टॉर्च आणि चपलांचा जोड. आणि दार उघडं!

“अगं आई, हे पुणे आहे. इथे असं दार उघडं टाकून कोणी झोपत नाही.”

“दार लोटू नको रे लेकरा. उघडंच राहू दे.”

मित्र वैतागायचा. सिक्युरिटी आहे, सीसीटीव्ही आहे, सगळं समजावून झालं. शेवटी सेफ्टी डोअर बंद आणि आतलं लाकडी दार उघडं अशी तडजोड झाली. ऑफिसच्या कँटीनमध्ये तो हे किस्से सांगायचा आणि आम्ही सगळे हसायचो. ‘गावाकडची सवय रे, अंगणात झोपलेली माणसं,’ असं कुणीतरी म्हणायचं आणि विषय संपायचा.

मग ६ फेब्रुवारी २०२३ उजाडला. तुर्कस्तान आणि सीरियात पहाटे भूकंप झाला. दिवसभर सगळ्या न्यूज चॅनल्सवर पत्त्यांसारख्या कोसळलेल्या इमारती दिसत होत्या. त्या रात्री मित्राच्या बायकोला जाग आली, तर पाळण्यात बाळ नाही! धावत बाहेर येऊन बघते तर सेफ्टी डोअरही सताड उघडं. काकू बाळाला छातीशी धरून जिन्यात बसलेल्या. घामाने चिंब, पायात चपला आणि ओठ हलत होते. हाक मारली तरी त्यांना ऐकू जात नव्हतं. घड्याळात चार वाजत आले होते.

त्यानंतर घरात जे व्हायचं ते झालं. सून घाबरली आणि चिडलीही. ‘माझ्या मुलीला रात्री हात लावायचा नाही,’ इथपर्यंत गोष्ट गेली. काकूंनी मुकाट्याने बॅग भरली. सकाळच्या बसचं रिझर्व्हेशनही झालं.

हसण्यावारी नेलेला विषय असा दारात येऊन बसला होता.

जळकोट, पण कुठलं?

मित्राचं गाव जळकोट. हे नाव काढलं की लोकांना लातूर जिल्ह्यातला तालुका आठवतो. हे ते नव्हे. हे तुळजापूर तालुक्यातलं जळकोट, जिल्हा धाराशिव, म्हणजे आधीचा उस्मानाबाद. सोलापूरहून हैदराबादकडे निघालात की नळदुर्गचा किल्ला मागे पडतो आणि थोड्याच वेळात हायवेवर हे गाव लागतं. रात्रभर ट्रक जातात. काकूंच्या घराची तावदानं त्या ट्रकांनी थरथरतात आणि तीस वर्षं त्या प्रत्येक थरथरीला जाग्या होत आल्यात.

कारण ३० सप्टेंबर १९९३.

आपल्यापैकी अनेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, म्हणून थोडक्यात सांगते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून दमलेली गावं गाढ झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, म्हणजे चारला चार कमी असताना जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत घरंच्या घरं बसली. ती घरं कशी होती माहितेय? चिखलात रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडांवर अंथरलेला मातीचा जड थर. उन्हाळ्यात एसीसारखी गार. पण त्या पहाटे तेच दगड आणि तीच माती झोपलेल्या माणसांवर आली. जवळजवळ आठ हजार माणसं गेली. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली.

जळकोट वाचलं. गाव हादरलं, माणसं रस्त्यावर आली. काकू तेव्हा विशीतल्या. दोन वर्षांच्या मुलाला, म्हणजे माझ्या मित्राला, कडेवर घेऊन त्या अंधारात उघड्यावर धावल्या. दोघांनाही खरचटलंसुद्धा नाही.

पण काकूंचं माहेर सास्तूरच्या बाजूला होतं. दुसऱ्या दिवशी पावसात, मिळेल त्या जीपने त्या तिथे पोचल्या. पुढचे दोन दिवस त्यांनी काय पाहिलं, हे त्यांनी घरात कधीच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. मित्राला एवढंच माहीत होतं की त्याला एक धाकटी मावशी होती आणि ती ‘भूकंपात गेली’. घरात तिचा फोटो नाही, आणि गणपतीत आई कधीच आरतीला उभी राहत नाही.

“मला वाटायचं आईचा स्वभावच असा आहे,” मित्र म्हणाला. “घाबरट, चिडकी, अबोल. मी तिला दुसऱ्या कुठल्या रूपात बघितलंच नाही ना!”

आजचा विषय नेमका इथे सुरू होतो. आपण ज्याला ‘स्वभाव’ म्हणतो, तो कधी कधी स्वभाव नसतोच. तो न ओळखलेला, न उपचारलेला आजार असतो.

नाव उशिरा मिळालं

या आजाराचं नाव पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, शॉर्टफॉर्म पीटीएसडी. मराठीत आघातोत्तर ताणविकार. नाव जडजंबाळ आहे, पण गोष्ट साधी. जिवावर बेतणारा प्रसंग अंगावर येतो, किंवा आपल्या डोळ्यांसमोर घडतो. प्रसंग संपतो. पण शरीराला आणि मनाला तो संपल्याची बातमीच पोचत नाही.

पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेले सैनिक थरथर कापायचे, तेव्हा डॉक्टर त्याला ‘शेल शॉक’ म्हणायचे आणि वरिष्ठ अधिकारी बऱ्याचदा ‘भित्रेपणा’! व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या हालअपेष्टांनंतर, १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत पीटीएसडी हे नाव आलं. म्हणजे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हे निदान जेमतेम तेरा वर्षांचं होतं.

तरीही त्या वेळी आपल्याकडे काम झालं, हे सांगायलाच हवं. भूकंपानंतर मराठवाड्यात केलेल्या एका पाहणीचा प्राथमिक अहवाल १९९६ साली अमेरिकन मानसोपचाराच्या एका नामांकित जर्नलमध्ये छापून आला. तपासलेल्या लोकांपैकी निम्म्याहून जास्त जणांना मानसिक आजार असल्याचं त्यात दिसलं, आणि त्यात पुढे होते पीटीएसडी आणि डिप्रेशन. आपण ज्यांना नाटक-सिनेमातून ओळखतो ते डॉ. मोहन आगाशे मुळात मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनीही भूकंपाच्या मानसिक परिणामांवर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेसाठी मोठा अभ्यास केला. पण अभ्यास झाला म्हणजे प्रत्येक घरापर्यंत उपचार पोचला असं होत नाही. त्यातून ज्या गावात घरं पडली नाहीत, तिथल्या एका तरुण सुनेला कोण विचारणार, ‘बाई, तुला झोप लागते का?’

लक्षणं चार प्रकारची

पीटीएसडीचे चार गट लक्षात ठेवा. काकूंचं उदाहरण समोर आहेच.

पहिला गट, प्रसंग परत परत येणं. वाईट स्वप्नं पडतात, किंवा जागेपणी एकदम ‘तिथे’ असल्यासारखं वाटतं. ही आठवण नसते, आठवणीत आपल्याला माहीत असतं की हे पूर्वी घडलं. इथे ते आत्ता घडत असतं! जिन्यात बसलेल्या काकू २०२३मध्ये नव्हत्याच.

दुसरा गट, टाळणं. माहेरच्या गावाचा रस्ता नको, फोटो नको, गणपतीची आरती नको, तो विषयच नको. बाहेरून हे ‘सावरल्यासारखं’ दिसतं. म्हणून घरच्यांना कळत नाही.

तिसरा गट, मनाचा रंग बदलणं. ‘माझ्यामुळेच झालं’ असा अपराधीपणा. आनंदच न होणं, जवळच्यांपासूनही तुटल्यासारखं वाटणं.

चौथा गट, सततचा पहारा. झोप उडते, जरा आवाज झाला की दचकायला होतं, चिडचिड होते, दारं-खिडक्या तपासत राहावंसं वाटतं. उशाशी टॉर्च, पायाशी चपला.

हे सगळं एक महिन्याहून जास्त टिकलं आणि त्याने रोजचं जगणं अडायला लागलं, तर डॉक्टर पीटीएसडीचा विचार करतात. पहिल्या काही दिवसांत झोप न लागणं, रडू येणं, दचकणं हे अगदी नॉर्मल आहे. तो आजार नाही.

आणि एक दिलासा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगातल्या सुमारे ७० टक्के माणसांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी असा एखादा भयंकर अनुभव येतो. पण पीटीएसडी होतो त्यांच्यातल्या ५.६ टक्क्यांना. म्हणजे बहुतेक जण आपापले, माणसांच्या आधाराने सावरतात. ज्यांना होतो, त्यांचा कणा कमकुवत असतो असं मात्र समजू नका. आघात किती मोठा होता, किती वेळा झाला, नंतर आधार मिळाला की नाही, यावर बरंच ठरतं.

पार्किंगमधला सायरन

हे होतं कसं? तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादी तरी अशी गाडी असेल, जिचा सिक्युरिटी अलार्म जरा जास्तच सेन्सिटिव्ह असतो. चोर सोडा, मांजराने बॉनेटवर उडी मारली तरी रात्री दोन वाजता केकाटायला लागते. अलार्म खराब नाहीये, उलट तो आपलं काम जरुरीपेक्षा जास्त करतोय!

आपल्या मेंदूतही असा अलार्म आहे, अमिग्डाला नावाचा. धोका दिसला की तो विचार करत बसत नाही. हृदयाचे ठोके वाढव, घाम काढ, पळ! काकूंनी त्या पहाटे मुलाला उचलून बाहेर धाव घेतली ती याच्याच जोरावर. एरवी प्रसंग सरला की मेंदूचे दुसरे भाग पुढे येतात. एक भाग त्या अनुभवावर तारीख-वाराचा शिक्का मारून तो जुन्या फायलींत ठेवतो, दुसरा अलार्मला सांगतो, ‘बाबा रे, आता गप्प बस.’ पीटीएसडीत हे काम अर्धवट राहतं. फाइल बंदच होत नाही. मग हायवेवरचा ट्रक, शेजारच्या टॉवरचं पायलिंग, मिक्सरची घरघर, टीव्हीवरची बातमी, काहीही झालं की सायरन चालू.

आणि टाळाटाळीने हे वाढतं. दार उघडं ठेवून झोपलं आणि घर पडलं नाही, की मेंदू म्हणतो, ‘बघ, दार उघडं होतं म्हणून वाचलो!’ घर मुळात पडणारच नव्हतं, हे शिकायची संधीच त्याला मिळत नाही. तीस वर्षं मिळाली नव्हती.

हे फक्त भूकंपवाल्यांचं नाही

तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? आम्ही लोकलने जाणारी, बाइकवरून हिंजवडी गाठणारी माणसं!

तर आठवा. २६ जुलै २००५चा पाऊस, ११ जुलै २००६चे लोकलमधले बॉम्बस्फोट, २६ नोव्हेंबर २००८ची रात्र, १३ फेब्रुवारी २०१०ची पुण्यातली जर्मन बेकरी. दर वेळी दुसऱ्या दिवशी माणसं कामावर गेली आणि आपण त्याला ‘स्पिरिट’ म्हणून टाळ्या वाजवल्या. त्या गर्दीत किती जण डबा बदलून, रस्ता बदलून, नोकरी बदलून जगत राहिले, ते कुणी मोजलं? कोविडच्या वॉर्डात एकट्याने बाप गमावलेली मुलं आपल्याच टीममध्ये बसतात. एक्स्प्रेस वेवरच्या अपघातातून वाचलेला कलीग ‘मला ड्रायव्हिंगचा कंटाळा येतो’ म्हणतो. लैंगिक अत्याचार, घरातली मारहाण यांच्यानंतर पीटीएसडीचा धोका तर आणखी जास्त असतो, आणि बोलायची सोय सर्वात कमी.

अशा वेळी माणूस काय करतो? कामात बुडवून घेतो, वीकेंडला पिऊन झोपतो, किंवा गुगल बघून स्वतःच झोपेची गोळी शोधतो. सगळ्या टाळायच्याच तऱ्हा.

“आता कशाला उकरायलास?”

परत वाकडला येऊ. बॅग भरलेली होती. पण त्या सकाळी काकूंना थांबवलं कुणी माहितेय? सुनेनेच. रात्रीचा राग उतरल्यावर तिला एक गोष्ट दिसली. ‘आई बाळाला इजा करत नव्हत्या गं,’ ती मला नंतर म्हणाली. ‘त्या बाळाला वाचवत होत्या. फक्त घर पडत नव्हतं, एवढंच.’

ती चहाचा कप घेऊन सासूबाईंजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, “आई, बाळासाठी नाही, तुमच्या झोपेसाठी आपण एकदा डॉक्टरांकडे जाऊ या?”

“मला काय झालंय? मी धडधाकट हाय की! तीस वर्षं व्हायला आली. आता कशाला उकरायलीस?”

मित्रालाही तेच ऐकून घ्यावं लागलं. पंधरवडा गेला. शेवटी ‘झोपेचे डॉक्टर’ या नावाखाली काकू मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्या. (असं फसवून न्यायची गरज नसते. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत काकूंना खरं काय ते सरळ सांगितलं, आणि त्या उठून गेल्या नाहीत!) आधी गावाकडे बरीच वर्षं त्या अधूनमधून झोपेच्या गोळ्या घेत होत्या. डॉक्टरांनी समजावलं, या गोळ्या रात्र ढकलतात, आजार बरा करत नाहीत आणि त्यांची सवय लागते. त्या हळूहळू कमी केल्या. त्याऐवजी सर्ट्रालिन हे औषध सुरू झालं. मूळचं डिप्रेशनवरचं, पण पीटीएसडीतही उपयोगी पडणारं. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ते मनाने सुरू किंवा बंद करायचं नसतं.

औषधाच्या जोडीला मुख्य काम होतं थेरपीचं. आघातावर नेमकं बोट ठेवणारी ही बोलण्याची उपचारपद्धती. साधारण आठ ते सोळा भेटींचा कोर्स असतो. याच कुळातली ईएमडीआर नावाची आणखी एक पद्धत आहे, त्यात प्रसंग मनात आणताना डोळे एका लयीत डावीकडून उजवीकडे फिरवायला सांगतात. काकूंच्या सायकॉलॉजिस्टने पहिली पद्धत निवडली.

आधी विश्वास, श्वास शांत करण्याची सवय आणि आजाराची माहिती. पार्किंगमधल्या सायरनचं उदाहरण त्यांचंच, मी ढापलंय! मग घरी एक शिडी बनली. सर्वात सोप्या भीतीपासून सर्वात अवघडपर्यंत. मिक्सरला हात लावून उभं राहायचं. पायलिंग चालू असताना बाल्कनीत दहा मिनिटं बसायचं. चपला उशाशी नाही, शू-रॅकवर. चटई पॅसेजमधून हॉलमध्ये. एकेक पायरी, भीती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं, आणि कुणी घाई करायची नाही.

दुसरीकडे, भेटींमध्ये, ती गोष्ट. डोळे मिटून, आत्ता घडतंय अशा शब्दांत, पुन्हा पुन्हा. पहिल्या दोन-तीन भेटींनंतर काकू घरी येऊन जेवल्याही नाहीत. मित्र मला म्हणाला, “आपण आईला उगाच त्रास देतोय.” असं वाटणं साहजिक आहे. मुरलेला काटा काढताना दुखतंच. पण सुरक्षित जागी, शिकलेल्या माणसासोबत, ठरलेल्या गतीने तो काढला तर दुखणं भेटीगणिक कमी होत जातं. काकूंचं सहाव्या भेटीपासून कमी झालं.

आणि मग ती गाठ सुटली, जी तीस वर्षं कुणालाच माहीत नव्हती. त्या वर्षी गौरींनंतर काकू धाकट्या बहिणीला चार दिवस जळकोटला आणणार होत्या. बहीण तयारही होती. काकूंनीच निरोप पाठवला, ‘विसर्जन होऊ दे, मग ये.’

एवढंच. ‘विसर्जन होऊ दे, मग ये.’ हे एक वाक्य घेऊन ती बाई तीस वर्षं दारात झोपली.

‘तुमची काही चूक नाही हो,’ असं सायकॉलॉजिस्टने म्हटलं नाही. ते म्हणून उपयोग नसतो. तिने विचारलं, “त्या दिवशी निरोप पाठवताना तुम्हाला काय माहीत होतं? आणि काय माहीत नव्हतं?” काकूंनी बोटं मोजत उत्तर दिलं. घरात पाहुणे होते हे माहीत होतं, पोरगं तापलं होतं हे माहीत होतं, बहिणीला मिरवणूक बघायची हौस होती हे माहीत होतं. भूकंप होणार हे माहीत नव्हतं. जगात कुणालाच माहीत नव्हतं. हे त्यांचं त्यांनाच म्हणावं लागलं, मोठ्याने, आणि एकदा म्हणून भागलं नाही.

आपण काय करू शकतो?

घरात, हॉस्टेलवर, ऑफिसात असं कुणी असेल तर आपण थेरपिस्ट व्हायचं नाही. पण बरंच काही करता येतं.

* ‘विसरून जा’, ‘त्याला किती वर्षं झाली’, ‘इतरांचं बघ’ ही तीन वाक्यं डिक्शनरीतून काढून टाका.
* ‘काय झालं ते सगळं सांग’ असा आग्रहही नको. नुकत्याच आघातातून आलेल्या माणसाला एका बैठकीत सगळं ओकायला लावण्याने फायदा होत नाही, उलट त्रास वाढू शकतो. सुरुवातीला हवं असतं ते पाणी, जेवण, झोपायला सुरक्षित जागा, घरच्यांशी फोन आणि शेजारी बसलेलं माणूस.
* ‘तुला झोप कशी लागते?’ हा प्रश्न मात्र जरूर विचारा. त्यात अपमान नसतो आणि उत्तरात बरंच काही असतं.
* सवयींची टिंगल करू नका. त्याचबरोबर आयुष्यभर त्या सवयींना साथही देत बसू नका. उपचाराचं बोट धरून द्या.
* फ्लॅशबॅक येत असेल तर हलवून, ओरडून जागं करू नका. शांत आवाजात नाव घ्या, आज कोणता वार आहे, आपण कुठे आहोत ते सांगा. पाय जमिनीला टेकवायला सांगा.
* जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा ऐकू आली तर वाट बघू नका, एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि हो, डॉक्टर फक्त पुण्या-मुंबईतच असतात असं नाही. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचाराची सोय असते. ऑक्टोबर २०२२पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. फुकट, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. मोबाइलमध्ये आत्ता सेव्ह करा, वाचून होईपर्यंत थांबू नका!

लोटलेलं दार

काकू आता जळकोटला परतल्यात. औषधाच्या फॉलोअपसाठी सोलापूरला जातात, एसटीने, एकट्या. सगळं छूमंतर झालंय असं नाही. हायवेवर जास्तच लोडचा ट्रक गेला की अजून डोळे उघडतात. पण, त्या सांगतात, “उघडतेत अन् परत मिटतेत. आधी मिटत नव्हते.”

२०२३च्या गणपतीत त्या वाकडला आल्या होत्या. आरतीला मागे उभ्या राहिल्या, टाळी न वाजवता, पण उभ्या राहिल्या. नातीला मांडीवर घेऊन पहिल्यांदा मावशीच्या गोष्टी सांगितल्या. कशी मरायची नाही, कशी हसायची ते. मावशीला कैरी फार आवडायची, हे माझ्या मित्राला बत्तिसाव्या वर्षी कळलं.

विसर्जन झालं. दोन दिवसांनी ३० सप्टेंबर होता, बरोबर तीस वर्षं. आदल्या रात्री काकू बेडरूममध्ये झोपल्या, नातीच्या पाळण्याशेजारी. दार उघडं नव्हतं, लोटलेलं होतं. कडी मात्र नव्हती लावली. चालतंय!

मित्राने सकाळी ऑफिसला येऊन सांगितलं, तो रात्रभर घड्याळ बघत हॉलमध्ये बसला होता, आईला कधीही लागू शकेल म्हणून.

चारला चार कमी झाले, तेव्हा त्या घरात जागा असलेला तो एकटाच होता.

*(मित्राच्या आणि काकूंच्या परवानगीने. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)*